नंतरचा खण

या, जरा अलीकडे सरका. तिथे दाराशी वारा लागेल. वाऱ्याने सर्दी होत नाही हे मीच कधीतरी छापलंय, तरी सरका, कारण आज मला मोठ्याने बोलवत नाही आणि गोष्ट तर सांगायची आहे. मोठी नाही. तिच्यात कोणी राजा नाही, कोणी घर सोडून जात नाही. एक खण आहे, एक पडदा आहे, आणि माझी ताई आहे. शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी उठून जाऊ नका. बाकी या गोष्टीचा अर्थ काय, असं मला विचारू नका. मला तो लागलेला नाही.

झालं एवढंच, की एका मंगळवारी सकाळी माझा एक खण मिटला नाही. मी ज्या साप्ताहिकात काम करतो तिथे माझ्याकडे सातव्या पानाचा एक कोपरा आहे, ‘खरं काय?’ नावाचा. लोक पोस्टकार्डावर विचारतात: बी गिळली तर पोटात झाड उगवतं का, बोटं मोडली तर म्हातारपणी सांधे धरतात का, वीज एकाच जागी दोनदा पडत नाही हे खरं का, मेलेल्या माणसाची नखं वाढतात म्हणे. मी उत्तर देतो. नाही उगवत. नाही धरत. पडते, उंच जागा असेल तर हवी तितक्यांदा पडते. नखं वाढत नाहीत, बोटांची कातडी आक्रसते, म्हणून वाढल्यासारखी दिसतात. अकरा वर्षं हेच चाललंय. कचेरीत मला माझ्या नावाने कोणी हाक मारत नाही, ‘खरंकाय’ म्हणतात. पानं लावणारी बाई, जिला आम्ही कात्रीबाई म्हणतो कारण प्रत्येकाच्या मजकुरातल्या चार ओळी कापल्याशिवाय तिला जेवण जात नाही, ती तर मला अधूनमधून टोमणा मारते, ‘दर रविवारी देवापुढे डोळे मिटून डोलतोस आणि सोमवारी आमची भुतं मोडायला बसतोस. एक काहीतरी कर की बाबा.’ मी हसतो. माझ्या मनात त्या दोन गोष्टी कधी भांडल्या नाहीत. देवाने दिलेलं जग आहे, तर ते आहे तसं बघावं, त्यात आपल्या पदरचं मिसळू नये, इतका साधा माझा हिशेब होता. टेबलाला तीन खण आहेत. पहिल्यात ज्यांची उत्तरं मला येतात ती कार्डं; दुसऱ्यात ज्यांच्यासाठी कोणाला तरी विचारावं लागेल ती, कारण माझा नियम आहे, जाणत्याला विचारल्याशिवाय ओळ लिहायची नाही, आणि एकाला नाही, दोघांना विचारायचं. तिसरा खण खालचा. त्यात नंतर बघू अशी कार्डं. त्या मंगळवारी मी एक कार्ड वाचलं, वाकलो, तिसरा खण ओढला, कार्ड आत टाकलं, खण ढकलला, आणि तो बोटभर बाहेरच राहिला. पुन्हा ढकलला. आत कागद चुरगळल्याचा आवाज झाला. गुडघ्याने रेटला. कात्रीबाई लांबून म्हणाली, ‘काय रे, पोटात झाड उगवलं का त्याच्या?’

मी सगळा खणच बाहेर काढला आणि टेबलावर उपडा केला. ओंजळभर कार्डं होती. वेगवेगळ्या अक्षरांत, निळ्या, काळ्या, एक तर हिरव्या शाईत, जुनी पिवळी पडलेली, आणि एखाद-दुसरं सोडता सगळ्यांवर एकच प्रश्न होता. कमी उजेडात वाचलं तर डोळे जातात का? अकरा वर्षांत दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी हा प्रश्न विचारला होता आणि माझ्या हाताने तो मला न विचारता खाली ठेवला होता. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण हा प्रश्न आपल्याकडे कधी आलाच नाही, अशी माझी समजूत होती. शपथेवर सांगितलं असतं. शेवटचं कार्ड, ज्याने खण अडला, ते एका मुलीचं होतं. ‘काका, माझ्या धाकट्या भावाला मी रोज दुपारी वाचून दाखवते. तो आजारी आहे म्हणून खोलीत पडदा ओढलेला असतो. मी पडद्याच्या फटीपाशी बसते. आई म्हणते अशा उजेडात वाचशील तर डोळे जातील. खरं काय? उत्तर लवकर द्या, कारण गोष्ट अर्धी राहिली आहे.’

पडद्याच्या फटीपाशी. मी ते शब्द पुन्हा वाचले आणि मला त्या पडद्याचा वास आला. आमचा पडदा जाड होता, तपकिरी, आणि त्याला धुळीचा आणि इस्त्रीचा वास यायचा. मी सात वर्षांचा, अंगभर गोवर, आणि घरातल्या मोठ्यांनी ठरवलेलं की गोवरात उजेड लागला तर पोराचे डोळे जातात. म्हणून तीन आठवडे खोलीत दुपारचीही संध्याकाळ. गोवरात उजेड टोचतो हे खरं, पण उजेडाने डोळे जात नाहीत. हेसुद्धा मी छापलेलं आहे, तिसऱ्या की चौथ्या वर्षी, सहा ओळींत, आणि छापताना मला काहीही आठवलं नव्हतं. ताई चौदा वर्षांची. शाळेतून आली की दप्तर टाकून पडद्याशी खुर्ची ओढायची, पडदा बोटभर सरकवायची, आणि त्या उजेडाच्या पट्टीत पुस्तक धरून मला वाचून दाखवायची. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, पहिली काही पानंही नव्हती, म्हणून त्यातली माणसं जहाजावर का चढली हे आम्हाला कधी कळलं नाही. मला तिचं तोंड दिसायचं नाही. पट्टी फक्त पुस्तकावर आणि तिच्या अंगठ्यावर पडलेली असायची. ओळ संपली की पट्टीखाली पुस्तक सरकायचं. ती मधेच थांबली की मी ओरडायचो, ‘पुढे! पुढे!’ आणि ती म्हणायची, ‘थांब रे शेपट्या, दिसू तर दे.’ दिसू तर दे. हे वाक्य मला पंचेचाळीस वर्षं ऐकू येत होतं, आणि दर वेळी मी त्याला एकच उत्तर देत होतो, की मीच ‘पुढे’ म्हटलं. कारण दोन वर्षांनी ताई संध्याकाळची जिन्यात अडखळायला लागली. मग उंबऱ्याला. मग कडेने कोणी आलं तर दचकायला लागली. समोरचं बारीक अक्षर दिसायचं आणि शेजारचा माणूस दिसायचा नाही. विसाव्या वर्षी पुस्तक गेलं, तिशीत माझा चेहरा गेला. आई शेजारणीला सांगायची, मी पलीकडे बसून ऐकायचो, ‘भावासाठी फटीत बसून डोळे घालवले हो पोरीने.’ आईच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट थोडा अभिमानच होता, लेक कशी भावावर जीव टाकणारी आहे याचा. घरात माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मी भांडलो तरी असतो.

तर आता नियमाप्रमाणे मला जाणत्याला विचारायला हवं होतं. कात्रीबाई म्हणाली, ‘गुरुवारी दुपारपर्यंत मजकूर दे. आणि हा डोळ्यांचा प्रश्न इतकी वर्षं दाबून का ठेवलास? सोपा तर आहे. उत्तर मलाही येतं.’ ‘काय येतं?’ ‘जातात की डोळे. माझी आजी सांगायची.’ तिच्याकडे बघून मला हसू यायला हवं होतं. मी टोपी घेऊन बाहेर पडलो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई दोन रस्ते सोडून बसतात. माझे अर्धे प्रश्न त्यांनीच सोडवलेले. त्या भिंतीवरच्या अक्षरांच्या पाटीखाली उभ्या राहून डबा खात होत्या, आणि खाता खाताच म्हणाल्या, ‘नाही हो. डोळे थकतात, चुरचुरतात, डोकं दुखतं. सकाळी उठलं की जिथल्या तिथे. कमी उजेडात वाचून कोणी आंधळं झालेलं नाही. लिहा बिनधास्त.’ ‘आणि झालं असेल तर?’ ‘ते दुसऱ्या कशाने तरी झालं असणार.’ मी पुढे बोलायला नको होतं. मला नियमाप्रमाणे आता दुसऱ्या जाणत्याकडे जायचं होतं. पण तोंड उघडलं आणि ताईचं सगळं बाहेर पडलं, नाव न घेता, ‘ओळखीच्या एक बाई’ असं म्हणून: आधी संध्याकाळचं दिसेना, मग कडा गेल्या, मग नळीतून बघितल्यासारखं. त्यांनी डबा खाली ठेवला. ‘हे जन्मतः असतं. पडद्याशी संबंध आहे, पण तुमच्या खिडकीच्या नाही, डोळ्यातल्या. घराण्यातून येतं. कोणाला लागतं, कोणाला सोडतं.’ ‘पण त्या तर फटीपाशी बसून...’ ‘अहो, उलटं बघा. त्या फटीपाशी का बसत होत्या? अंधुक उजेडात बाकीच्यांना चालतं तेवढ्यात त्यांना दिसतच नव्हतं, म्हणून. डोळे तेव्हाच जायला लागले होते. घरच्यांनी बैलापुढे गाडी जोडली.’ मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. ‘ओळखीच्या म्हणजे कोण? तुम्ही तुमचे डोळे कधी दाखवलेत?’

मला हलकं वाटायला हवं होतं. मी रस्त्यावर उभा राहून वाट बघत होतो, की आता वाटेल. चपलांच्या दुकानापाशी एक माणूस काच पुसत होता, त्याचा हात गोल गोल फिरत होता, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, तू काही केलं नाहीस, तू सात वर्षांचा होतास, तुझ्या ‘पुढे’ने काही झालं नाही. हे सगळं खरं होतं. जाणत्याने सांगितलेलं होतं. आणि मला मेळ्यात हात सुटलेल्या पोरासारखं वाटत होतं. ताईने माझ्यासाठी डोळे दिले, ही एवढी एकच मोठी गोष्ट माझ्या आयुष्यात घडली होती. बाकी सगळं आयुष्य मी त्या गोष्टीभोवती बसवलं होतं. तिच्याच पेठेत खोली घेतली. दूरच्या शहरातली नोकरी सोडली. दर रविवारी तिला हाताला धरून प्रवचनाला नेतो, जिथे एक थोराड बुवा अर्धं बोलून आणि अर्धं गाऊन देवाचं सांगतात, आणि त्यांचा आवाज वर चढला की ताईची मान आपोआप वर होते, जणू तिकडे काही दिसतंय. ती गोष्टच आता घडलेली नव्हती. काही वर्षांपूर्वी मला एका बाईचं पत्र आलं होतं. मी बोटं मोडण्याचं छापलं होतं त्यावर. ‘माझी आई चाळीस वर्षं मला त्यावरून ओरडायची. आता ती नाही. तुमचं वाचलं आणि तिचं सगळं ओरडणं फुकट गेलं असं वाटलं. तुमचं बरोबरच असेल. पण तुम्ही ते छापायला नको होतं.’ ते पत्र मी कचेरीत सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, आणि आम्ही खूप हसलो होतो.

बुधवारी दुपारी ताईकडे गेलो. ती दवाखान्यात फोन जोडायचं काम करते, सकाळची पाळी, दोनला घरी येते. जिन्यातच तिने ओळखलं. ‘आज बुधवार. बुधवारी तू? कोण गेलं?’ ‘कोणी नाही गेलं.’ ‘मग हात धुऊन ये आणि मटार सोल. फुकट कोणी बसायचं नाही.’ मी तिच्यासमोर बसलो. तिची बोटं शेंगेची शिवण बघता बघता उकलत होती; मला डोळे असून वेळ लागत होता. तिच्या मागे खिडकी, खिडकीला पडदा नाही. तिने कधी लावलाच नाही. मी विषय कुठून काढावा ते कळेना, म्हणून शहामृगापासून काढला. गेल्या महिन्यात बुवा प्रवचनात गायले होते, की संकट आलं म्हणजे शहामृग वाळूत डोकं खुपसतं, तसा माणूस देवापासून तोंड लपवतो; आणि मी ताईच्या कानात कुजबुजलो होतो, ‘खुपसत नाही, तो गैरसमज आहे.’ तिने मला कोपर मारलं होतं. ‘शहामृगाचं खोटं असेल रे, माणसाचं खरं आहे ना? गप ऐक.’ ‘ताई, तू ते शहामृगाचं म्हणालीस ना,’ मी म्हणालो, आणि मग मला थांबता आलं नाही. खण, कार्ड, मुलगी, डॉक्टरीण, घराणं. सगळं सांगितलं. तिची बोटं थांबली नाहीत. शेंग, दाणे, टरफल. शेंग, दाणे, टरफल. शेवटी ती म्हणाली, ‘मला ठाऊक आहे.’

‘काय ठाऊक आहे?’ ‘हेच. सोळाव्या वर्षापासून. बाबा मला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते, आठवतं? तपासून झालं आणि बाबा गाडी बघायला खाली उतरले. तेवढ्यात त्या म्हाताऱ्याने विचारलं, घरात आणखी कोणाला संध्याकाळचं दिसत नाही का? आणि मला एकदम मामा आठवला.’ तुम्हाला मामा सांगायचा राहिला. आईला एकच भाऊ, शिंपी. आमच्या लहानपणी संध्याकाळी यायचा. येताना दारातली छत्र्यांची उभी टोपली हमखास पाडायचा, खुर्चीला धडकायचा, मग मोठ्याने हसायचा. तोंडात कायम पेपरमिंट. बाबा म्हणायचे, वास लपवायला खातो. आम्हा मुलांना पेपरमिंट आवडायचं म्हणून तो आमच्यासाठी आणायचा आणि त्यातलं एक आपणही खायचा, इतकी सोपी गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही. एकदा त्याच्या हातून आईचा काचेचा जग फुटला आणि बाबा म्हणाले, या घरात पिऊन यायचं नाही. मामा हसला नाही. ‘बरं,’ म्हणाला. आई आत उभी होती, ती बाहेर आली नाही. तो जिना उतरायला लागला, कठडा धरून, पायऱ्या मोजत, ‘एक, दोन, तीन, चार,’ मोठ्याने. आणि मी आणि ताई वरून वाकून खो खो हसत होतो, की दारूड्याला आपल्याच बहिणीचा जिना मोजावा लागतो. तो पुन्हा आला नाही. काही वर्षांनी दूरच्या कुठल्याशा खोलीत वारला. आई त्याचं नाव काढायची नाही.

‘मी त्याला गाठलं,’ ताई म्हणाली. ‘शाळा बुडवून, दुपारी, त्याच्या दुकानात. सुईत दोरा ओवत होता, एका झटक्यात. समोरचं त्याला लख्ख दिसायचं. मी म्हटलं, मामा, तू पीत नाहीस. तो म्हणाला, आयुष्यात थेंब नाही. मग सांगत का नाहीस? तर म्हणतो कसा, अगं, दारूड्या शिंप्याकडे लोक कापड देतात. आंधळ्याकडे कोण देईल?’ ती जराशी हसली, तिच्या तोंडून मामाच बोलल्यासारखी. ‘मी म्हटलं, मग आईला तरी सांग. तेव्हा त्याने सुई खाली ठेवली. म्हणाला, तिला कळलं की हे आपल्या रक्तातून आलं, भावाला आलं, लेकीला आलं, आणि त्याच भावाला आपण दारातून जाऊ दिलं, तर ती जगेल का? मी दारूडा आहे तोवर ती सुखी आहे. तूही पुस्तकं वाचून डोळे घालवलेस, असंच राहू दे. कोणाचं काय जातं?’

‘माझं गेलं,’ मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखू आला नाही. तिची बोटं तेव्हा थांबली. ‘तू सात वर्षांचा होतास. मला वाटलं विसरशील. मुलं विसरतात.’ ‘नाही विसरत, ताई. तोही गैरसमजच.’ ‘मग छाप.’ ती रागावली होती, आणि रागावली की ती माझ्या आवाजाच्या थोडं डावीकडे बघते. ‘पंचेचाळीस वर्षं!’ मीही आवाज चढवला. ‘आई जाऊन सहा वर्षं झाली. निदान तेव्हा तरी...’ ‘तू कधी विचारलंस?’ ‘काय विचारायचं?’ ‘हेच. सगळ्या जगाची कार्डं वाचतोस. दोन जाणत्यांना विचारल्याशिवाय ओळ लिहीत नाहीस म्हणून मिरवतोस. माझ्या डोळ्यांचं मला कधी विचारलंस? एकदा?’ खरोखरच, कधी विचारलं नव्हतं. ती बराच वेळ टरफलं चाचपत राहिली, त्यात एखादा दाणा राहिलाय का बघत. मग अगदी हळू, फोनवर दुसऱ्या कोणाशी बोलल्यासारखं म्हणाली, ‘आई गेली तेव्हा सांगणार होते. रविवारी. तू आलास, मला कोट घातलास, बटणं लावलीस. आणि मला वाटलं, सांगितलं तर हा पुढच्या रविवारी येणार नाही.’

मी तिला लगेच म्हणायला हवं होतं, वेडी का तू, मी काय त्यासाठी येतो? हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण मला माझ्या धंद्याची सवय लागलेली. कुठलंही वाक्य बाहेर काढण्याआधी ते खरं आहे का, असं आतून कोणीतरी विचारतं. आणि उत्तर येईना. मी कशासाठी येतो? देवाशपथ, माहीत नव्हतं. ‘मटार झाले,’ मी म्हणालो, आणि उठलो. जिना उतरताना दुपारचे चार वाजले होते, चांगला उजेड होता, तरी मी कठडा धरला. खालच्या वळणावर मला वाटलं, कडेचं काहीतरी दिसत नाहीये. मी थांबून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. भिंत होती, सायकल होती. सायकल आधीच दिसली होती का, की वळल्यावर दिसली, ते ठरवता येईना.

गुरुवारी सकाळी ओंजळभर कार्डं घेऊन बसलो. दुसरी जाणती मला आदल्या दिवशी मटार सोलताना भेटली होती. बाकी काही कळत नव्हतं, तरी त्या मुलीची गोष्ट अर्धी राहिली आहे एवढं कळत होतं. लिहिलं, ‘नाही. कमी उजेडात वाचून डोळे जात नाहीत. फार तर थकतात. आईला हे दाखव आणि गोष्ट पुरी कर.’ एवढ्यात कोपरा भरला. मग पेन तसंच राहिलं. डॉक्टरीणबाईंचं वाक्य कानात होतं, उलटं बघा. ही मुलगी फटीपाशी का बसते? भाऊ आजारी आहे म्हणून, की... आणि तिच्या आधीची, हिरव्या शाईची? त्याच्या आधीचा, जो लिहितो की ‘मी दिव्याला चिकटून वाचतो म्हणून आई रागावते’? त्याच्यावरचा शिक्का नऊ वर्षांपूर्वीचा होता. नऊ वर्षं ते कार्ड माझ्या गुडघ्यापाशी होतं. मी ताईचे डोळे घालवले नव्हते, हे मला परवाच कळलं होतं. आणि आता या ओंजळीत कोणाचे गेले असतील, कोण आज जिना मोजत असेल, त्याला कोण हसत असेल, हे मला कधीच कळणार नव्हतं. खोटं ओझं उतरलं त्याच जागी खरं येऊन बसलं, आणि ते इतकं तंतोतंत बसलं की जागा त्याचीच असावी. मी खाली आणखी लिहिलं, ‘पण बाकीच्यांना पुरतो तेवढ्या उजेडात तुला दिसत नसेल, म्हणून तू फटीपाशी बसत असशील, किंवा संध्याकाळी अडखळत असशील, तर पुस्तकाला दोष देऊ नका. डोळे दाखवा. लगेच दाखवा. हे मी फार उशिरा लिहितो आहे.’ आणि पुढे, ज्याचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता, ‘संध्याकाळी धडपडणारा प्रत्येक माणूस प्यालेला नसतो.’

कात्रीबाई कात्री घेऊन आली. वाचलं. ‘चार ओळी जास्त आहेत.’ ‘असू देत.’ ‘शेवटची तर कुठल्या कुठे आहे.’ ‘ती राहू दे. शहामृग काप.’ त्या आठवड्यात माझ्याच कोपऱ्यात शहामृगाचंही उत्तर होतं. तिने माझ्याकडे बघितलं, काहीतरी टोमणा जिभेवर आला असावा, तो तिने गिळला. शहामृग कापला. मग जाता जाता म्हणाली, ‘म्हणजे माझी आजी खोटं सांगायची तर.’ ‘खोटं नाही गं. तिला तसं वाटायचं.’ ‘मला रात्री वाचू द्यायची नाही ती. त्यामुळे लवकर झोपायचे आम्ही दोघी, एका पांघरुणात.’ असं म्हणून ती तिथेच उभी राहिली, कात्री हातात तशीच. अकरा वर्षांत मी किती जणांची पांघरुणं ओढली असतील, असं माझ्या मनात आलं. तरी मजकूर छापायलाच हवा होता. दोन्ही एकदम कसं खरं असू शकतं ते मला अजून कळत नाही. अंक निघाला. त्या मुलीचं उत्तर अजून आलेलं नाही. पोस्ट आली की मी रोज आधी अक्षरं बघतो.

रविवारी सकाळी मी उठलो, दाढी केली, आणि खोलीत उभा राहिलो. पाय निघाले तर त्यांच्यामागून जाऊन बघू, असं ठरवलं. निघाले. ताई जिन्याच्या वरच्या पायरीवर कोट घालून उभी होती, बटणं तिचीच तिने लावलेली, एक चुकलेलं. ‘आलास?’ ‘आलो.’ ‘का?’ ‘माहीत नाही, ताई.’ ती हसायला लागली. इतकी, की तिला कठडा धरावा लागला. ‘हे एकदा छापून टाक रे शेपट्या. मोठ्या अक्षरात.’ मी चुकलेलं बटण काढून नीट लावलं. मग आम्ही उतरायला लागलो, आणि ती नेहमीसारखी पुटपुटत होती, एक, दोन, तीन. हे ती नेहमीच करते, आणि मी नेहमीच ते न ऐकल्यासारखं करायचो. ‘तुला हे कोणी शिकवलं?’ मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांबद्दल काही विचारलं ते हे. ‘त्यानेच,’ ती म्हणाली. ‘त्या दुपारी, दुकानाच्या पायऱ्यांवर. म्हणाला, मोठ्याने मोजायचं, लाजायचं नाही. लोक हसले तर हसू देत, पायरी चुकत नाही.’ प्रवचनात त्या दिवशी बुवा काय गायले ते मला आठवत नाही. आवाज वर चढला, ताईची मान वर झाली, आणि मीही डोळे मिटून मान वर केली. मिटल्या डोळ्यांपुढे तो जिना होता. खाली उतरणाऱ्या माणसाची पाठ होती, आणि वर दोन पोरं हसत होती.

डोळे मी अजून दाखवले नाहीत. दाखवीन. पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे, ताई बरोबर येणार आहे, म्हणते मीच तुला हाताला धरून नेते.

आता मागायचं ते मागतो. तुम्ही जिना उतराल, आता इथून जातानाच उतराल, तेव्हा मनात एकदा आमच्या मामाची आठवण काढा. शिंपी होता. पेपरमिंट खायचा. आयुष्यात थेंब प्याला नाही.